गच्चीवरचे विमान आणि मोटारीचे इंजिन

आपल्या उपनगरांतल्या इमारतींच्या गच्चीवर काय काय असते, याची यादी फार लांबत नाही. पाण्याच्या टाक्या, टीव्हीच्या तबकड्या, उन्हाळ्यात पापड-कुरडया, कोजागिरीला दूध आणि बारा महिने कुणाची तरी मोडकी सायकल. सोसायटीच्या वार्षिक सभेतली निम्मी भांडणे या गच्चीवरूनच होतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये मात्र एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर विमान होते. खेळण्यातले नव्हे, सहा माणसे बसतील असे.

ते बांधले कॅप्टन अमोल यादव यांनी. ते जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. नोकरी सांभाळून, आधीचे दोन प्रयत्न फसल्यावर, त्यांनी हे तिसरे विमान राहत्या इमारतीच्या गच्चीवर उभे केले. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगची यंत्रे आणि सुमारे १८० किलो वजनाचे इंजिन, असा सारा संसार अरुंद जिन्याने वर चढला. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चे प्रदर्शन भरले, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून खाली उतरवले आणि तिथे पुन्हा जोडले. त्या आठवड्यात बहुतेक वृत्तपत्रांत त्याचा फोटो होता. बोरिवली लोकलमध्ये माझ्या समोर बसलेले एक गृहस्थ तो शेजाऱ्याला दाखवून अभिमानाने सांगत होते, "आमच्याच बाजूचं आहे हं!" जणू त्यातला एखादा खिळा त्यांनीच ठोकला होता.

त्या रविवारी मुलुंडहून माझा पुतण्या जेवायला आला होता. तेव्हा तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. फोटो पाहून त्याने बराच वेळ काही बोलणे केले नाही. मग श्रीखंडाची वाटी बाजूला सारून म्हणाला, "काका, बाकी सगळं गच्चीवर होईल. पत्रा कापता येईल, पंख जोडता येतील. पण इंजिन? ते काही गच्चीवर होत नाही. गाडीचं चालेल का?"

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. यंत्रांशी माझा संबंध तारण म्हणून आला. तरी हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे काही वर्षे तो आणि मी मिळून त्याच्या मागे लागलो. त्याने पुस्तकांतून, मी माझ्या जुन्या फायलींच्या आठवणीतून.

प्रश्न तसा जुना आहे. राइट बंधूंनी १९०३ मध्ये जे इंजिन वापरले, ते त्यांच्याच सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या कारागिराने बनवले होते. कारण मोटारींच्या कारखानदारांकडे त्यांना हवे तसे हलके इंजिन मिळाले नाही. अमेरिकेतल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून लाकूड-कापडाचे छोटे विमान उडवले. त्याच्या नकाशांवरून आजही हौशी लोक विमाने बांधतात. पुढे फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटारीची इंजिने अशीच शेकडो विमानांत गेली.

याचे कारण शेवटी पैसा. विमानासाठी प्रमाणित केलेले नवे इंजिन कित्येक लाखांना पडते. तेवढ्या रकमेत त्या काळी वसई-विरारकडे चांगला फ्लॅट यावा. मोटारीचे जुने इंजिन भंगारवाल्याकडे त्याच्या अगदी छोट्या अंशात मिळते. विमानाची इंजिने फार थोडी बनतात, प्रत्येक भागाचा कागद ठेवावा लागतो, आणि त्यांची रचना मुद्दाम जुन्या वळणाची ठेवलेली असते. दर सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ठिणगी पाडायला दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहते. आपण पैसे मोजतो ते या 'तरी'साठी.

मोटारींच्या इंजिनांतही हौशी विमानबांधणाऱ्यांचे एक खास लाडके आहे. त्याचे नाव रोटरी, किंवा त्याच्या जर्मन जनकाच्या नावाने 'वांकेल'. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही रोटरी म्हणत. पण त्यांत सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत. ते वेगळे.)

हे इंजिन समजून घ्यायला आपल्या आजीचे स्वयंपाकघर पुरेसे आहे. साधे इंजिन म्हणजे उखळ-मुसळ. मुसळ वर जाते, थांबते, खाली येते, थांबते. मिनिटाला हजारो वेळा असे थांबायचे आणि उलटे फिरायचे, म्हणजे हादरे आलेच. वांकेल म्हणजे जाते. कमरेत किंचित चिमटलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत राहतो. त्याच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. ते फिरता फिरता मोठे आणि लहान होतात. एका कप्प्यात पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्यात दाबली जाते आणि पेटते, तिसऱ्यातून धूर बाहेर जातो. झडपा नाहीत, दट्टे नाहीत, दट्ट्यांचे दांडे नाहीत. दोन त्रिकोणांच्या इंजिनात महत्त्वाचे फिरते भाग तीनच असतात: दोन त्रिकोण आणि मधला दांडा.

फेलिक्स वांकेल यांचे असे पहिले इंजिन १९५७ मध्ये जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत चालले. १९६७ मध्ये एनएसयूने आपली 'आरओ ८०' मोटार बाजारात आणली. मोटार देखणी होती, तिला पारितोषिकही मिळाले, पण त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या लवकर झिजू लागल्या. हमीपोटी इंजिने बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. जपानच्या माझ्दा कंपनीने १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतला होता. तिच्या इंजिनांतही आतल्या भिंतीवर ओरखडे उठत. तिथले अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ तरुण अभियंते त्या ओरखड्यांच्या मागे लागले आणि पट्टीचे साहित्य बदलून त्यांनी ते आटोक्यात आणले. १९६७ मध्ये माझ्दाची 'कॉस्मो', १९७८ मध्ये 'आरएक्स-७' आली. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मां येथील २४ तासांची शर्यत माझ्दाच्या चार त्रिकोणांच्या इंजिनाने जिंकली. जपानी मोटारीने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

'आरएक्स-७' अमेरिकेत खूप खपली. खपलेली मोटार कधीतरी भंगारात जाते. अशी शेकडो इंजिने स्वस्तात मिळू लागली, तेव्हा घरच्या गॅरेजात विमान बांधणाऱ्यांचे डोळे चमकले. लहान आकार, थोडे भाग, हादरा कमी. शिवाय एक गुण असा, की वैमानिकाला तो जीवनदान वाटावा. साध्या इंजिनात एखादी झडप तुटली किंवा दांडा मोडला तर इंजिन जागच्या जागी अडकू शकते. वांकेलची टोकाची पट्टी गेली तर ताकद कमी होते, आवाज बदलतो, पण ते बहुधा फिरत राहते आणि माणसाला धावपट्टीपर्यंत घेऊन येते.

इथपर्यंत पुतण्या खुशीत होता. म्हणाला, "बघा काका, स्वस्त आणि शिवाय जास्त सुरक्षित!"

आता मला माझी जुनी फाइल उघडावी लागते.

१९९४ साल असेल. मी तेव्हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत कर्ज विभागात होतो. आमचे एक कर्जदार होते. प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवीत. साधे, कष्टाळू, हप्ता कधी चुकवला नाही. वसईला त्यांनी दुसरा गाळा घेतला. तिथे वीज सारखी जाई. नव्या जनरेटर संचासाठी ते कर्ज मागायला आले. आकडे मांडून झाल्यावर स्वतःच म्हणाले, "साहेब, एवढं कर्ज कशाला? कुर्ल्याला गाडीचं डिझेल इंजिन बघितलंय. अल्टरनेटर मी वेगळा घेतो. दोन्ही जोडून टाकतो." मला ते फार आवडले. माझ्या टिपणात मी लिहिले, 'कर्जदाराची काटकसर उल्लेखनीय आहे.' ते वाक्य मला अजून पाठ आहे.

इंजिन उत्तम चालले. तीन-चार महिन्यांनी तुटला तो इंजिन आणि अल्टरनेटर यांमधला जोड. लोखंडाचा एक तुकडा उडाला आणि शेजारी उभ्या असलेल्या मदतनीसाच्या पायाला लागला. पोरगा विशीतला होता. तो वाचला, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. कारखानदारांनी त्याचा सगळा खर्च केला, त्याला कामावर ठेवले. मी चौकशीला गेलो तेव्हा ते सुन्न बसले होते. म्हणाले, "इंजिन बघा ना साहेब, अजून नव्यासारखं आहे."

हेच तर त्यात कळण्यासारखे होते. मोटारीतले इंजिन दिवसभर पूर्ण ताकदीने कधीच राबत नाही. हमरस्त्याला लागल्यावर ते आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. जनरेटरला जोडले की तेच इंजिन तासन् तास भाराखाली राहते, आणि त्याचा प्रत्येक ठोका त्या जोडावर बसतो. माझ्या फायलीत इंजिनाची किंमत होती, अल्टरनेटरची होती. जोडाची नव्हती. तो त्यांनी ओळखीच्या माणसाकडून करून घेतला होता.

विमानात हाच जोड पुन्हा भेटतो. वांकेल आपली ताकद मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेताना देते. विमानाचा पंखा एवढ्या वेगाने फिरवता येत नाही. त्याची टोके आवाजाच्या वेगाजवळ गेली की ओढ कमी होते आणि गोंगाट वाढतो. अशा छोट्या विमानांच्या पंख्याला अडीच-पावणेतीन हजार फेऱ्या पुष्कळ. म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालावा लागतो. एका बाजूला इंजिनाचे ठोके, दुसऱ्या बाजूला जड पंखा आणि मध्ये सापडलेले गिअर. हा गिअरबॉक्स मोटारीबरोबर येत नाही. तो कुणीतरी वेगळा बनवतो, थोड्या संख्येने.

मग उष्णता. वांकेलमध्ये पाण्याबरोबरच तेलही मोठ्या प्रमाणावर उष्णता वाहून नेते. म्हणजे दोन रेडिएटर, त्यांच्यासाठी हवेच्या वाटा, नळ्या, सांधे. धूर इतका तापलेला निघतो की साधे सायलेन्सर जळून फाटतात. ठिणगी आणि पेट्रोलचे पंप विजेवर चालतात, म्हणून दुसरी बॅटरी, दुसरी तार. पेट्रोलही साध्या इंजिनापेक्षा थोडे जास्तच लागते. हे सगळे तराजूत घातले की हलकेपणाचा फायदा बराच ओसरतो. ज्यांनी अशी विमाने वर्षानुवर्षे नीट उडवली, तेही अमेरिकेत आहेत. त्यांचा निम्मा वेळ इंजिनाच्या भोवतालच्या गोष्टींवर गेलेला असतो. आत तीनच भाग फिरतात हे खरे, पण त्या तिघांना सांभाळायला बाहेर तीस लागतात.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर काटकसरीने जोखीम नाहीशी होत नाही. ती जागा बदलते. महाग इंजिन घेतले तर ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत राहते. स्वस्त घेतले तर ती आपल्या गॅरेजात, आपण स्वतः वळलेल्या बोल्टवर येऊन बसते.

अमेरिकेचा कायदा हे ओळखतो. हौशी माणसाने निम्म्याहून अधिक काम शिकण्यासाठी वा आनंदासाठी स्वतः केले असेल तर त्याचे विमान 'प्रायोगिक' म्हणून नोंदता येते. मात्र आत बसणाऱ्याला दिसेल अशी सूचना लावावी लागते, की हे विमान नेहमीच्या सुरक्षा-नियमांत बसत नाही. इंजिन आणि पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, आणि मोटारीचे वगैरे इंजिन असेल तर ४० तास त्याला नेमून दिलेल्या विरळ वस्तीच्या भागातच, प्रवासी न घेता उडवावे लागते. स्वस्त इंजिनाची उरलेली किंमत ती या पंधरा जादा तासांत.

आपल्याकडे वांकेल इंजिन नाहीच, असे कुणी समजू नये. ते आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, येऊन गेले आहे. तिथल्या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने, म्हणजे व्हीआरडीईने, बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट यांच्याबरोबर ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित केले. वजन सुमारे ३० किलो. २००९ मध्ये 'निशांत' या वैमानिकरहित विमानाला ते लावून कोलारजवळ उडवले गेले. आतल्या भिंतीवरचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप आणि खास ॲल्युमिनियमचे ओतकाम बंगळूरला झाले. ठिणगी आणि इंधनाची व्यवस्था नगरच्या संस्थेने केली. तीस किलोंच्या एका यंत्रासाठी तीन सरकारी संस्था, आणि जमिनीवरच्या कितीतरी तासांच्या चाचण्या. तेही अशा विमानासाठी, ज्यात माणूस बसतच नाही.

पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो जरा हिरमुसला. म्हणाला, "म्हणजे एकट्या माणसानं काही करूच नये?"

या प्रश्नाचे उत्तर देताना मला दोन उपनगरे आठवतात.

एक चारकोप. यादव कुटुंबाने दागिने विकले, घर गहाण टाकले, असे तेव्हा छापून आले होते. विमान तयार झाले तरी कागद तयार नव्हते. स्वतः बांधलेल्या विमानाची नोंद कशी करायची, याचे नियमच मधल्या काळात बदलले. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाच्या चाचणीची परवानगी आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. तोवर जेट एअरवेजची स्वतःची विमानेही जमिनीवर आली होती. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून हे विमान अखेर उडाले. गच्ची सोडल्यावर साडेचार वर्षांनी. तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय केले असते, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले आहे. नामंजूर केला असता. तारण पुरेसे, परतफेडीचे साधन संशयास्पद, असा शेरा मारला असता. त्या घराने मात्र तो मंजूर केला. आपल्या माणसाची जोखीम त्यांनी डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या सहीने घेतली. त्याला माझा नमस्कार आहे.

दुसरे घाटकोपर. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेले एक छोटे विमान तिथे भर वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी कोसळले. त्यातले चौघे गेले आणि रस्त्याने चाललेला एक माणूस गेला. ते विमान घरी बांधलेले नव्हते. कारखान्यात बनलेले, प्रमाणित इंजिनांचे होते. त्या भागातल्या शाखेत मी चार वर्षे काढली आहेत. दुपारी जेवून शतपावलीला त्याच गल्ल्यांतून जात असे. त्या पादचाऱ्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. बँकेत जामीनदाराची सही घेतल्याशिवाय आम्ही पैसा हलवत नसू. विमान आकाशात जाते तेव्हा खाली चालणारा प्रत्येक जण त्याचा जामीनदार होतो, आणि त्याची सही कुणी घेतलेली नसते. वसईच्या त्या मदतनीसाची तरी कुठे घेतली होती?

म्हणून परवानगीला लागलेल्या वर्षांचा मला राग येतो आणि परवानगीची पद्धत असावी असेही वाटते. या दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात. साहेबाच्या टेबलावर पडून राहिलेली फाइल कुणालाच सुरक्षित करत नाही. मोकळ्या माळावर, रिकाम्या खुर्च्यांनिशी केलेले चाळीस तास करतात. हौशी माणसाला अशी जागा आणि असे तास मागता आले पाहिजेत, आणि सरकारने ते वेळेवर दिले पाहिजेत. मोटारीचे इंजिन असो की विमानाचे, खाली चालणाऱ्याला देता येण्यासारखे तेवढेच आहे.

माझ्या टेबलावर लोखंडाचा एक वेडावाकडा तुकडा कागद दाबायला ठेवलेला असतो. वसईच्या त्या जोडाचा. कारखानदारांनी मी शाखा सोडताना दिला. "साहेब, पुढच्या फायलीच्या वेळी असू द्या," म्हणाले. पुतण्याने त्या दिवशी तो उचलून बराच वेळ बोटांनी चाचपला, तुटलेली कड नखाने तपासली.

आता तो पुण्याला इंजिनांच्या चाचणी विभागात नोकरीला आहे. इंजिन जमिनीवर घट्ट बांधून तासन् तास पळवायचे आणि आधी काय तुटते ते बघायचे, हे त्याचे काम. विमान बांधायचे त्याच्या मनातून गेलेले नाही. गेल्या दिवाळीत आला तेव्हा जाताना म्हणाला, "काका, तो तुकडा मला द्याल?"

मी म्हणालो, "पहिले चाळीस तास पुरे कर. मग ने."